एक चिंचोका जास्त

परवा ताजनापेठेतून येताना एका गृहस्थांनी मला भर रस्त्यात गाठलं. म्हणाले, "गुरुजी, पोराले गनितात लय गती हाये. त्याले मुंबईले पाठवून गनितात बी.ए. कराव, का इथंच अकोल्याच्या मास्तरकीच्या शाळेत घालाव? तुमची सारी हयात त्याच्यातच गेली, तुमीच सांगा."

मी म्हणालो, "मुलाला विचारा," आणि चालू लागलो. गृहस्थ हिरमुसले. मागून कोणीतरी म्हणालंही की म्हातारा तिरसट आहे. आहेच मी तिरसट. पण हा प्रश्न ऐकला की मला सहदेव मास्तर आठवतात आणि मग माझ्याच्यानं सरळ बोलवत नाही. पदवी मोठी की मास्तरकी, असं विचारणाऱ्यांना वाटतं की माणूस दोन दुकानांपुढं उभा आहे आणि एकात शिरायचं तेवढं बाकी आहे. सहदेव मास्तरांपुढंही त्या दोन्ही वाटा होत्या. त्यांचं काय झालं ते सांगतो, म्हणजे माझ्या तिरसटपणाला थोडी माफी मिळेल.

नांदगाव पेठेच्या वाटेवर आमचं गाव. तिथं सहदेवचं माळ्याचं घर. आईबाप लवकर गेले. लहानपणी लग्न लावून दिलेली बायको नांदायला यायच्या आधीच देवीच्या साथीत गेली, आणि त्यानं दुसरं लग्न केलं नाही. घरात राहिली मैनाबाई, त्याची थोरली बहीण. तीही पदरात तान्ही पोर घेऊन विधवा होऊन माहेरी आलेली. पोरीचं नाव शकुन. ही तीन माणसं आणि विहिरीकाठचा मळा, एवढाच त्यांचा संसार. वांगी, मेथी, सांभाराच्या म्हणजे कोथिंबिरीच्या जुड्या, मांडवावर दोडके आणि बांधाला कोहळ्याचे वेल.

मळ्याचा एक नियम होता. वेलाला कोवळं फळ धरलं की त्याच्याकडं सरळ बोट दाखवायचं नाही. बोट दाखवलं की फळ कुजतं. दाखवायचंच झालं तर बोट वाकडं करून दाखवायचं. आणि झाडावरची फळं मोजायची तर नाहीतच. जे वाढायला लागलंय ते मोजू नये, मोजलं की वाढ थांबते. जे फळांचं तेच लेकरांचं. आमच्याकडं आजही एखाद्या बाईला विचारा की तुला मुलं किती, ती म्हणेल, "हायेत देवाच्या दयेनं." आकडा सांगणार नाही. सहदेव याच नियमात वाढला. आणि देवाची गंमत बघा, साऱ्या गावात आकड्यांचं वेड लागलं ते नेमकं त्याला.

ते दिवस कापसाचे होते. दूर अमेरिकेत कुठंशी लढाई पेटली आणि इकडं आमच्या काळ्या मातीत चांदी उगवली. ज्वारीची वावरं मोडली, तुरी मोडल्या, लोकांनी उंबऱ्यापर्यंत सरकी पेरली. गावच्या किसनराव पाटलांनी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढवल्या आणि बैलांपेक्षा स्वतःच जास्त ऐटीत चालू लागले. मैनाबाईनं मात्र मळ्यात सरकीचा दाणा पडू दिला नाही. "कापूस का भाकरीसंगं खाता येते?" एवढंच ती म्हणाली. लोक हसले, आणि तिचीच वांगी दुप्पट भावानं विकत घेऊन गेले.

ती डोक्यावर टोपली घेऊन अमरावतीला इतवाऱ्याच्या बाजारात बसायची आणि भावाला शाळेत सोडायची. आधी पंतोजीकडं पावकी, निमकी, दिडकीचे पाढे झाले, मग सरकारी शाळा, थोडं इंग्रजी. कापसाच्या बाजारात तेव्हा रुमालाखाली बोटं दाबून सौदे व्हायचे, आणि रुमाल उचलायच्या आत सगळा हिशेब सांगणारं पोरगं प्रत्येक अडत्याला हवं असायचं. सहदेवला दोन-तीन अडत्यांनी बोलावलं. तो गेला नाही. त्याच सुमारास अकोल्याला गुरुजी तयार करायची शाळा निघाल्याचं त्याच्या कानावर आलं होतं. त्यानं बहिणीला विचारलं.

मैनाबाई म्हणाली, "दलाली केली असती तं आपल्याबी बैलाले शेंब्या आल्या असत्या. पन जाय बापू. तुले जे गोड लागते ते कर." तिनं त्याच्या हातावर दही घातलं. दही हातावर घेतल्याशिवाय त्या घरातलं कोणी मोठ्या कामाला उंबरा ओलांडत नसे.

अकोल्याचे हेडमास्तर पुण्याचे होते. पहिल्या दिवशी सहदेवनं "मले समजलं नाही" म्हटल्यावर वर्ग हसला, तेव्हा हेडमास्तर वर्गाला म्हणाले, "समजलं नाही असं म्हणणारा तरी एकच निघाला. बाकीच्यांना काय समजलं ते आता सांगा." मग कोणी हसलं नाही. त्यांनी फळ्यावर एक त्रिकोण काढून सिद्ध करून दाखवलं की त्याचे तिन्ही कोन मिळून दोन काटकोन होतात. सहदेव संध्याकाळी त्यांच्या दारात उभा राहिला. हातात पळसाचं पान होतं, तीन कोपऱ्यांचं कापलेलं. कोपरे फाडून त्यानं ते ओट्यावर एकाशेजारी एक लावून दाखवले. सरळ रेघ आली.

"गुरुजी, हे पानात जमलं. पन तुमी म्हनता, साऱ्याच त्रिकोनात जमते?"

"साऱ्याच."

"जो अजून कोनी काढलाच नाही त्याच्यातबी?"

हेडमास्तर म्हणाले, "त्यातही. जो कोणी कधीच काढणार नाही, त्यातही."

मास्तर मला सांगायचे की त्या रात्री त्यांना झोप आली नाही. जे डोळ्यांपुढं नाही, कधी नसेल, त्याच्याबद्दलही खरं बोलता येतं, ही गोष्ट त्यांना इतकी मोठी वाटली की बाजारातले सगळे हिशेब त्यांना फोलपटासारखे वाटू लागले. गणित म्हणजे मोजणं, असंच तोवर त्यांना वाटत होतं.

शिक्षण संपताना हेडमास्तरांनी त्याला समोर बसवून दोन वाटा सांगितल्या. "इथला दाखला मिळाला की तू कुठल्याही खेड्यात शाळा चालवू शकशील. चांगलं काम आहे, मी त्याला कमी लेखत नाही. पण मुंबईला विद्यापीठ आहे. आधी मॅट्रिक, मग कॉलेज, मग गणित घेऊन बी.ए. तिथं जे शिकवतात त्यातलं मला स्वतःलाही अर्धंच येतं. तुला ते यायला हवं. तूर्त गावात वर्षभर शाळा चालव, इंग्रजी पक्कं कर. डिप्टी तपासणीला येतील. त्यांचा शेरा चांगला आला तर मुंबईच्या शिष्यवृत्तीचं मी बघतो."

सहदेव गावी आला तो हेच डोक्यात घेऊन. मुंबई, मॅट्रिक, बी.ए. मैनाबाईला त्यातलं काही कळत नव्हतं. तिनं एवढंच विचारलं, "त्या मुंबईत जे शिकवतात ते तुले लय आवडन?" तो "हो" म्हणाला. "मंग दही मी घालीन," ती म्हणाली. शकुन म्हणाली, "मामा, मीबी येते मुंबईले." तेव्हा ती आठ वर्षांची असेल.

किसनराव पाटलांनी शाळेला आपली ओसरी दिली. कापसाचा भाव तोवर कोसळला होता, बैलांच्या शेंब्या उतरल्या होत्या, पण पाटलांच्या बोलण्यातली चांदी तशीच होती. ओसरीवर मुलं बसू लागली आणि त्यांच्यात एकच मुलगी, शकुन. पोरीला शाळेत कशाला, म्हणून गाव कुजबुजलं. मास्तरांनी ऐकलं नाही. ती पाढे असे म्हणायची की पाटलांची सून काम सोडून दारामागं उभी राहून ऐकायची.

आता आली हजेरीची अडचण. किती मुलं आली ते सरकारला रोज कळवायचं, आणि मुलं तर मोजायची नाहीत. मोजली असती तर दुसऱ्या दिवशी एकाही आईनं मूल पाठवलं नसतं, आणि खरं सांगायचं तर मास्तरांचं स्वतःचंही बोट सरळ झालं नसतं. त्यांनी एक युक्ती काढली. ओसरीच्या खांबाला एक मडकं टांगलं. प्रत्येक मुलानं येताना घरून एक चिंचोका आणायचा आणि मडक्यात टाकून मग बसायचं. सगळे आले की मडकं उपडं करायचं आणि चिंचोके मोजायचे. लेकरं कोणी मोजली नाहीत, हजेरीही झाली. त्याच चिंचोक्यांवर मग बेरीज-वजाबाकी चालायची. आयाबाया खूश, सरकारही खूश. मला विचाराल तर त्या साध्या मडक्यात गणित शिकवण्याची जेवढी अक्कल होती तेवढी मी पुढं मोठमोठ्या शाळांतही क्वचितच पाहिली.

उन्हाळा तापू लागला तेव्हा डिप्टी साहेब तपासणीला आले. घामाघूम झालेले, पुढच्या गावी जायची घाई. सारा गाव ओसरीपुढं जमला होता, मैनाबाईही टोपली बाजूला ठेवून उभी होती. मुलांनी पाढे म्हटले, शकुननं दिडकी म्हणून दाखवली. डिप्टी खुलले. "हजर किती?" त्यांनी विचारलं. मास्तर मडक्याकडं वळले.

"हे काय?"

मास्तरांनी चिंचोक्यांची रीत सांगितली. डिप्टी हसले, वाईट नाही हसले, पण हसले. "मास्तर, मुलं समोर बसली आहेत. चिंचोके कसले मोजता? मुलं मोजा. तुम्ही तर मुंबईला गणित शिकायला जाणार म्हणे."

मास्तर थबकले. गावाकडं त्यांनी पाहिलं नाही, बहिणीकडंही नाही. मनात मुंबई होती, शेरा होता. त्यांनी बोट सरळ केलं आणि एका टोकापासून मोजायला लागले. मोठ्यानं. एक, दोन, तीन. एका बाईनं आपल्या मुलाला हाताला धरून उठवायचा प्रयत्न केला, पण तोवर बोट त्याच्यावरून पुढं गेलं होतं. शेवटी खांबाला टेकून शकुन बसली होती. बोट तिच्यावर थांबलं, आणि मामाच्या आधी तीच आनंदानं ओरडली, "तेवीस!"

डिप्टींनी चांगला शेरा लिहिला आणि ते गेले.

विहिरींचं पाणी तळाला गेलं तेव्हा पटकी आली. आजूबाजूच्या सगळ्याच गावांत आली, जिथं शाळा नव्हती, मास्तर नव्हता, तिथंही आली. ती पाण्यातून येते हे आज शाळेतलं पोरही सांगेल. पण तेव्हा कोणाला ठाऊक होतं? आणि ठाऊक असतं तरी आईच्या मनाला काय फरक पडला असता? शकुन सकाळी मळ्यात खेळत होती आणि दिवस मावळायच्या आत गेली. शाळेतली मुलं आजारी बरीच पडली, पण उठली. गेली ती एकटी शकुन, जिच्यावर बोट थांबलं होतं ती.

किसनराव पाटील भेटायला आले ते दारातूनच म्हणाले, "मास्तर, पोट्टे मोजाची काय गरज होती?" मास्तर त्यांना उलट बोलू शकले असते. पण पाटलांच्या बोलण्यानं माणूस मरत नाही. मरतो तो घरच्यांच्या बोलण्यानं. लोक गेल्यावर मैनाबाई भिंतीला टेकून बसली होती. रडून रडून आवाज बसला होता. ती भावाकडं बघून म्हणाली, "चिंचोके होते ना रे तुह्यापाशी?"

एवढंच. पुन्हा आयुष्यात ती त्या विषयावर सरळ बोलली नाही. अबोला तिनं धरला नाही, भाकरी वाढत होती, मळ्याचं काम सांगत होती. पण शकुनचं नाव तिच्या तोंडून गेलं आणि मुंबईचंही. मला मैनाबाईचा राग येतो, आजही येतो. एवढ्या शहाण्या बाईनं ते वाक्य बोलायला नको होतं. आणि मग वाटतं, तिनं तरी काय करावं? पटकीला शिव्या देऊन भागत नाही. माणूस समोर लागतो.

साथ ओसरली आणि शाळा पुन्हा भरली. मुलं आली, कारण चिंचोक्यांवर आयांचा अजून विश्वास होता. मास्तरांनी मडकं उपडं केलं, चिंचोके मोजले आणि एकेका मुलाचं नाव मनात घेत एकेक चिंचोका बाजूला सारला. चिंचोका एक जास्त होता. त्यांना वाटलं, कोणा पोरानं दोन टाकले असतील. दुसऱ्या दिवशीही एक जास्त. तिसऱ्या दिवशीही. मग एकदा पहाटे ते मळ्याकडं निघाले असताना त्यांना मैनाबाई दिसली. ती कामाला जाताना पाटलांच्या ओसरीशी थांबली, खांबाला टांगलेल्या मडक्यात तिनं काहीतरी टाकलं, आणि डोक्यावरचा पदर सावरून पुढं गेली. मास्तर झाडामागं उभे राहिले. तिनं आपल्या पोरीला शाळेत पाठवणं बंद केलं नव्हतं.

ते तिला काही बोलले नाहीत. हजेरीत एक वजा करून लिहायचे, पण मुलांसमोर मोजताना जास्तीचा चिंचोका तसाच राहू द्यायचे. कोणी विचारलं तर म्हणायचे, "बरोबर हाये."

पावसाळ्यानंतर हेडमास्तरांचा निरोप आला. डिप्टींच्या शेऱ्यावर शिष्यवृत्ती मिळाली होती. बडनेऱ्याला आगगाडी नुकतीच येऊ लागली होती, त्या गाडीनं मुंबईला निघावं. मास्तरांनी मैनाबाईला सांगितलं. ती चुलीपुढं होती. मागं न वळता म्हणाली, "जाय ना. मी काहून अडवू? तिथं जाऊन काय मोजशीन, तेवढं मले सांगू नोको."

निघायच्या दिवशी मास्तर पहाटे उठले. कोपऱ्यात दह्याचं गाडगं झाकलेलं होतं. मैनाबाई ते तसंच ठेवून मळ्यात निघून गेली होती. मास्तर वळकटी उचलून दह्याशिवायच निघाले. त्यांच्यामागं शाळा बंदच पडणार होती, दुसरा मास्तर कोण येणार आमच्या गावी? मुलांना त्यांनी आदल्या दिवशीच सुटी दिली होती. जाता जाता ओसरीशी त्यांचा पाय अडखळला. सवयीनं त्यांनी मडक्यात हात घातला. आत एक चिंचोका होता.

ते तरीही बडनेऱ्यापर्यंत गेले. स्टेशनावर कापसाच्या गाठी चढत होत्या. हमाल मोजत होते, "लाभ, दोन, तीन, चार." पहिल्या गाठीला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं, ही आपल्याकडची रीत. मास्तर तिथं वळकटीवर बसून ऐकत राहिले. गाडी आली. लोक चढले. गाडी गेली. मास्तर तिथंच बसून होते.

पुढं मी स्वतः अकोल्याला शिकायला निघालो तेव्हा त्यांनी मला हे सगळं सांगितलं. मी विचारलं, "गुरुजी, तुमी चढले काहून नाही?" ते म्हणाले, "बापू, त्या दिवशी बाकीच्या पोट्ट्यायले सुटी होती. शकुन एकटी शाळेत आली होती. आन् मास्तर पळून चालला होता."

संध्याकाळी ते घरी परतले. मैनाबाईनं त्यांच्याकडं पाहिलं, वळकटीकडं पाहिलं. "आला? बस, जेव," म्हणाली. त्या दिवशी ताटात दही होतं.

हेडमास्तर खूप रागावले. बैलगाडी करून ते आमच्या गावी आले, ओसरीवर बसून मास्तरांना नाही नाही ते बोलले. "वेडा आहेस. अशी बुद्धी इथं चिंचोक्यांत घालवणार? तुझ्यापेक्षा अर्ध्या बुद्धीची माणसं उद्या तिथं पदव्या घेऊन मिरवतील. तू कशासाठी राहिलास, ते तरी कळू दे."

"गुरुजी, माह्या शाळेत एक पोरगी हाये. तिले सोडून जाता येत नाही."

"एका पोरीसाठी?"

"हो."

हेडमास्तरांनी जाताना आपल्या जवळचं भूमितीचं पुस्तक त्यांना दिलं. ते पाठ होईपर्यंत मास्तर वाचत राहिले, आणि पाठ झाल्यावरही. कधी कधी वर्ग सुटल्यावर ते एकटेच फळ्यावर काहीतरी काढत बसायचे आणि बघता बघता पुसून टाकायचे. एकदा मी विचारलं, हे काय. म्हणाले, "हे मले इथवर येते. याच्यापुढचं मुंबईत हाये." त्यांचा चेहरा तेव्हा मी पाहिला. तो पाहिल्यावर मला कोणी विचारलं की पदवी घ्यावी की नाही, तर मी काय सांगू?

मी शाळेत गेलो ते या सगळ्यानंतर पुष्कळ वर्षांनी. तेव्हा मास्तरांचे केस पांढरे होत आले होते. शाळेला सरकारी खोली झाली होती, पण दारातल्या खांबाला टांगलेलं मडकं तेच. मैनाबाई म्हातारी, कंबरेत वाकलेली, डोळ्यांना कमी दिसायचं तिला. पण पहाटे काठी टेकत येऊन ती शाळेपुढं सडा टाकून जायची. आम्हाला वाटायचं मास्तरांची बहीण म्हणून करते. मी हिशेबात बरा, म्हणून चिंचोके मोजायचं काम मास्तरांनी माझ्याकडं दिलं होतं. ते रोज एक जास्त यायचे. मला त्याचा फार राग यायचा. मी पुन्हा मोजायचो, पोरांवर ओरडायचो की दोन कोण टाकतं रे. मास्तर लांबून म्हणायचे, "बरोबर हाये बापू. जाऊ दे." एवढा मोठा गणिताचा मास्तर चुकीच्या बेरजेला बरोबर म्हणतो, हे मला कळतच नव्हतं. मी मनाशी ठरवलं होतं की एक दिवस हा हिशेब मी बरोबर आणून दाखवीन.

मग मैनाबाई गेली. थंडीचे दिवस होते. दोन दिवस अंथरुणाला खिळली आणि गेली. शेवटी तिनं भावाचा हात धरून ठेवला होता, एवढंच मला माझ्या आईनं सांगितलं. काही बोलली का, ते मास्तरांनी कधी सांगितलं नाही.

तेरवी झाल्यावर शाळा भरली. मास्तर येऊन खुर्चीवर बसले. डोकं भादरलेलं, चेहरा सुकलेला. मी रोजच्यासारखं मडकं उपडं केलं. चिंचोके मोजले. मनातल्या मनात एकेका मुलाचं नाव घेत एकेक चिंचोका बाजूला सारला, आमच्या रीतीप्रमाणं. पुन्हा मोजले. माझा विश्वासच बसेना. पहिल्यांदा, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, एकही जास्त नव्हता.

मी आनंदानं ओरडलो, "गुरुजी, आज हिशोब बरोबर आला!"

मास्तरांनी माझ्याकडं पाहिलं. मग जमिनीवर पसरलेल्या चिंचोक्यांकडं. ते खुर्चीवरून उठले, माझ्याजवळ येऊन खाली बसले आणि त्या ढिगावरून त्यांनी हात फिरवला. "नाही रे बापू," ते म्हणाले, "एक कमी हाये." आणि सगळ्या वर्गासमोर, पदरात तोंड लपवणाऱ्या बाईसारखे, उपरण्यात तोंड घालून ते हुंदके देऊन रडले.

मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. मी सगळे चिंचोके पुन्हा मडक्यात भरले, मडकं पुन्हा उपडं केलं आणि पहिल्यापासून मोजायला बसलो.